सेगा सॅटर्न घ्यायचा की नाही: निर्णयापर्यंतच्या नोंदी

४ जानेवारी

समोर विक्रीला असलेले दोन कन्सोल (टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायची यंत्रं) आहेत, दोन्ही जपानी सेगा सॅटर्न. एक एचएसटी-३२००, म्हणजे १९९४ चा अगदी पहिला, राखाडी रंगाचा, लांबट बटणांचा. खोकं, आतला थर्माकोल, माहितीपुस्तिका, कंट्रोलर, सगळं शाबूत. दुसरा एचएसटी-३२२०, १९९६ चा, पांढरा, गोल बटणांचा. त्याला खोकं नाही. कंट्रोलर आणि वायर एवढंच. राखाडीची किंमत पांढऱ्याच्या तिपटीहून जास्त. संग्रहासाठी घ्यायचा म्हटल्यावर माझा कल अर्थातच राखाडीकडे आहे. तरी पैसे देण्याआधी जे तपासेन ते इथे लिहून ठेवणार आहे. जुना कन्सोल घेऊ पाहणाऱ्याला त्यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

जपानीच का, ते एकदाच सांगते. सॅटर्न २२ नोव्हेंबर १९९४ ला जपानात आला आणि ‘व्हर्चुआ फायटर’ या खेळाच्या जोरावर तिथे चांगला खपला. अमेरिकेत मात्र ११ मे १९९५ ला, आधी जाहीर केलेल्या तारखेच्या कित्येक महिने अगोदर, तो अचानक दुकानांत आणला गेला. खेळ मोजके, किंमत ३९९ डॉलर. त्याच दिवशी सोनीने आपल्या प्रतिस्पर्धी प्लेस्टेशन कन्सोलची किंमत २९९ डॉलर असल्याचं जाहीर केलं. पाश्चात्त्य बाजारात सॅटर्न त्यानंतर सावरलाच नाही. याचा आजच्या संग्राहकावर थेट परिणाम होतो. जपानात हजाराहून जास्त खेळ निघाले, अमेरिकेत त्याच्या साधारण पाव. जपानी कन्सोल आणि जपानी डिस्क अजून भरपूर मिळतात. इंग्रजी आवृत्त्या मुळातच कमी निघाल्या, म्हणून महाग.

११ जानेवारी

आजचा सगळा वेळ विजेत गेला, आणि तो घालवायलाच हवा होता.

सॅटर्नला बाहेरचा अडॅप्टर नसतो. वीजपुरवठ्याचा बोर्ड कन्सोलच्या पोटातच असतो आणि जपानी कन्सोलमध्ये तो १०० व्होल्टचा असतो. मागचं सॉकेट दोन छोटी वर्तुळं एकमेकांना चिकटल्यासारखं, जुन्या रेडिओ-कॅसेट प्लेअरला असायचं तेच. त्यामुळे घरातली कुठलीही तशी वायर त्यात बिनबोभाट बसते. आमच्याकडे भिंतीत २३० व्होल्ट आहेत. बसते म्हणून लावली तर नशीब चांगलं असल्यास फक्त फ्यूज जातो, नाहीतर बोर्डच जातो. ‘चालू होत नाही’ म्हणून विकायला काढलेला जपानी कन्सोल २३० व्होल्टच्या देशातून येत असेल, तर पहिला संशय इथेच घ्यावा.

उपाय तीन दिसले. पहिला, २३० चे १०० करणारा ट्रान्सफॉर्मर. तो तांब्याच्या वेटोळ्यांचा, हाताला जड लागणारा खरा ट्रान्सफॉर्मर हवा. प्रवासात केस वाळवायच्या यंत्रासाठी जे हलके कन्व्हर्टर मिळतात ते अशा यंत्रांसाठी नाहीत. त्यातून विजेची लहर तुटक येते. ट्रान्सफॉर्मरची क्षमता कन्सोलखालच्या लेबलवर लिहिलेल्या वॉटच्या दुप्पट तरी ठेवावी. दुसरा उपाय, युरोपी सॅटर्नचा २३० व्होल्टचा बोर्ड काढून यात बसवणं. पण सॅटर्नमध्ये वेळोवेळी बदल होत गेले आणि सगळ्या बोर्डांचे कनेक्टर सारखे नाहीत, त्यामुळे झाकण उघडून पाहिल्याशिवाय बोर्ड मागवू नये. तिसरा, नव्याने बनवलेला बदली बोर्ड.

मी ट्रान्सफॉर्मर घ्यायचं ठरवलं. तो उद्या दुसऱ्या जपानी कन्सोललाही चालेल, आणि मूळ यंत्रात काही बदलावं लागणार नाही.

१५ जानेवारी

दोन्ही विक्रेत्यांकडून आणखी फोटो मागवले. राखाडीच्या फोटोत टीव्हीवर सॅटर्नचं बोधचिन्ह दिसतंय आणि खाली ‘उत्तम चालू’ असं लिहिलंय. हा फोटो जवळजवळ काहीच सिद्ध करत नाही. ते चिन्ह डिस्क न घालताही येतं. मेमरी आणि चित्राची चिप जिवंत आहे एवढंच त्यातून कळतं. सॅटर्नमध्ये सगळ्यात आधी थकतो तो डिस्क वाचणारा लेझर, आणि त्याबद्दल फोटो गप्प आहे.

जपानी बाजारातल्या जाहिरातींतही हा भेद नीट वाचावा लागतो. ‘वीज येते हे पाहिलं’ आणि ‘खेळ चालवून पाहिला’ हे दोन वेगळे शेरे असतात. ‘जंक’ लिहिलेलं असेल तर हमी शून्य. आत फक्त धूळ असू शकते किंवा सगळंच मेलेलं असू शकतं.

म्हणून दोघांनाही तीच मागणी केली: एकच सलग व्हिडिओ, मध्ये न तोडता. कन्सोल बंद असताना सुरुवात, डिस्क आत ठेवताना दिसली पाहिजे, मग खेळ सुरू होऊन त्यातली एखादी लांब चित्रफीत शेवटपर्यंत. शिवाय तारीख-वेळ लावून, कन्सोल बंद करून, पुन्हा चालू केल्यावर काय होतं ते.

पांढऱ्याच्या विक्रेत्याने त्याच रात्री व्हिडिओ पाठवला. राखाडीवाल्या गृहस्थांचं उत्तर आलं, ‘माझ्याकडे आता खेळ नाहीत, पण कन्सोल कधी उघडलेला नाही, याची खात्री देतो.’ बरंच बोलणं झाल्यावर ते तपासून पसंत न पडल्यास परत करायच्या बोलीवर पाठवायला तयार झाले. उघडून पाहायची परवानगीही मी लेखी मागून घेतली. जाण्या-येण्याचा खर्च माझा. तो मला पटला. न बघता एवढी रक्कम देण्यापेक्षा स्वस्तच.

२४ जानेवारी

राखाडी आला. दिसायला देखणा. खोक्याच्या कडा सरळ, प्लास्टिक कुठे पिवळं पडलेलं नाही. पुढचा ‘ॲक्सेस’ दिवा आहे, जो पांढऱ्यातून काढून टाकला होता. डिस्क वाचताना तो लुकलुकतो आणि मला तो फार आवडतो.

ट्रान्सफॉर्मर लावून चालू केला. बोधचिन्ह आलं, मग भाषा आणि तारीख विचारली. म्हणजे आतली बॅटरी संपलेली. ही काळजीची गोष्ट नाही. मागच्या झाकणाआड साधी सीआर२०३२ असते, हाताने बदलता येते. ती संपली की ३२ किलोबाइटच्या अंतर्गत मेमरीतले सेव्ह (खेळातली साठवलेली प्रगती) जातात.

मग गाण्यांची सीडी घातली. वाजली. खेळाची डिस्क घातली. थोडी घरघर आणि पडद्यावर सीडी प्लेअर. खेळ सुरू होईना. पुन्हा पुन्हा तेच.

यातलं कारण समजून घेणं महत्त्वाचं, कारण ‘सीडी वाजते म्हणजे लेझर ठीक’ असं विक्रेते सर्रास सांगतात. सीडी आतून बाहेर वाचली जाते, पहिलं गाणं मधल्या भागाजवळ असतं. सॅटर्नच्या खेळांच्या डिस्कवर मात्र अगदी बाहेरच्या कडेला नकल रोखण्यासाठी एक वेगळा पट्टा असतो (डिस्क उजेडात तिरकी धरली तर तो डोळ्यांनाही दिसतो) आणि खेळ सुरू होण्याआधी कन्सोल तो तपासतो. म्हणजे लेन्सला सुरुवातीलाच कडेपर्यंत धावावं लागतं. लेन्सची गाडी रुळावर अडकत असेल तर पहिलं गाणं सुरळीत वाजेल आणि खेळ मात्र सुरू होणार नाही. सीडी तपासायचीच असेल तर शेवटचं गाणं लावावं, आणि तेही भरगच्च सीडीवरचं.

२५ जानेवारी

कन्सोल उघडला. सॅटर्नला साधे चौफुलीचे स्क्रू असतात, खास पान्हा लागत नाही. पण आत हात घालण्याआधी एक सांगते: वीजपुरवठ्याचा बोर्ड आत उघडाच असतो आणि त्यावरचा मोठा कॅपॅसिटर वायर काढल्यावरही काही काळ भरलेला राहतो. वायर काढून यंत्र बराच वेळ तसंच ठेवलं, आणि त्या कोपऱ्याला हात लावला नाही.

पहिली गोष्ट दिसली ती स्क्रूंची. दोन स्क्रूंची डोकी झिजून गोल झालेली. कधी न उघडलेल्या यंत्रात असं होत नाही.

रुळांवरचं ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालं होतं. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ते काढलं, नवं पांढरं लिथियम ग्रीस अगदी पातळ फिरवलं. लेन्सही त्याच अल्कोहोलने अलगद पुसली. गाडी हाताने ढकलून पाहिली, आता कडेपर्यंत सहज जाते.

जोडून लावलं आणि खेळ सुरू झाला! त्या क्षणी हाच घ्यायचा असं जवळपास ठरलं होतं. पण ‘अझेल’ या चार डिस्कच्या खेळाची पहिली डिस्क घालून सुरुवातीची चित्रफीत लावली आणि मधेच चित्र अडखळलं, आवाज तुटला. दुसऱ्या डिस्कवरही तेच. डिस्कवर चरे नाहीत, त्या पांढऱ्याच्या विक्रेत्याकडे पाठवल्या तरी चालतील इतक्या स्वच्छ आहेत.

परत उघडून लेझरच्या छोट्या पोटेन्शिओमीटरकडे भिंग लावून पाहिलं. त्याच्या खाचेवर स्क्रू ड्रायव्हरचे ताजे ओरखडे होते. म्हणजे कुणीतरी तो आधीच फिरवून लेझरचा प्रवाह वाढवला होता. अशक्त लेझर त्याने काही काळ जागा होतो, पण तितकाच लवकर संपतो. इंटरनेटवर ‘थोडंसं फिरवा, लगेच चालेल’ असा सल्ला जागोजागी मिळतो. ज्याला यंत्र टिकवायचं आहे त्याने तो शेवटचा उपाय समजावा. हा शेवटचा उपाय इथे माझ्या आधीच वापरून झाला आहे.

३१ जानेवारी

राखाडी अजून माझ्याकडे आहे, म्हणून टीव्हीची चाचणीही त्याच्यावरच उरकली.

नव्या सपाट टीव्हीला एकच पिवळी व्हिडिओ वायर लावली तर चित्र येतं, पण ते पाहवत नाही. सॅटर्न बहुतेक खेळांत २४० रेषांचं चित्र पाठवतो, प्रत्येक वेळी पूर्ण. अनेक सपाट टीव्ही त्याला ४८० रेषांचं अर्धं-अर्धं येणारं चित्र समजतात आणि नसलेली जोडणी करायला जातात. परिणाम: हलणाऱ्या वस्तूंच्या कडा फाटतात, लुकलुकणाऱ्या सावल्या गायब होतात. २४० रेषा नीट ओळखणारा स्केलर (चित्र नव्या टीव्हीला साजेसं करून देणारं उपकरण) घेतला आणि आरजीबी वायर (लाल, हिरवा, निळा रंग वेगवेगळे नेणारी) लावली की हे सुटतं. त्या जोडीची किंमत मात्र पांढऱ्या कन्सोलच्या जवळ जाते. हा खर्च सुरुवातीच्या हिशोबात कुणी धरत नाही.

जुना काचेच्या नळीचा टीव्ही मिळत असेल तर तोच उत्तम, आणि कारण केवळ हौस नाही. सॅटर्नला काही ठिकाणी अर्धपारदर्शक चित्र काढणं अवघड जायचं, म्हणून बनवणाऱ्यांनी सावली किंवा धूर एक आड एक ठिपक्यांच्या जाळीने काढला. पिवळ्या वायरीवर, जुन्या टीव्हीत, ती जाळी विरघळून खरोखर पारदर्शक दिसते. स्वच्छ आरजीबीवर तीच जाळी ठिपकान्‌ठिपका दिसते. चांगली वायर घेतल्यावर चित्र बिघडल्यासारखं वाटलं तर वायरीला दोष देऊ नका.

बंदुकीचे खेळ, म्हणजे ‘व्हर्चुआ कॉप’ वगैरे, मूळ बंदुकीसह सपाट टीव्हीवर चालतच नाहीत. पडद्यावर किरण कुठे आहे हे ओळखून ती बंदूक चालते आणि सपाट पडद्यात तो किरणच नसतो.

८ फेब्रुवारी

कार्ट्रिजची खोबण. सॅटर्नला कार्ट्रिजची एकच खोबण आहे आणि कामं अनेक: सेव्ह साठवायचं कार्ट्रिज, १ मेगाबाइट आणि ४ मेगाबाइट रॅमची कार्ट्रिजं, दुसऱ्या देशाचे खेळ चालवणारी कार्ट्रिजं. नोव्हेंबर १९९७ मध्ये आलेला ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’ ४ मेगाबाइटच्या कार्ट्रिजशिवाय चालत नाही. तो जपानातच निघाला, आणि जपानी सॅटर्न घ्यायच्या माझ्या कारणांत तो वरच्या क्रमांकावर आहे. सतत काढ-घाल झाल्याने आतल्या पात्या सैल पडतात. मग सेव्हचं कार्ट्रिज कधी दिसतं, कधी नाही, आणि एखाद्या संध्याकाळी लांबलेल्या खेळाची सगळी मेहनत नाहीशी होते.

राखाडीची खोबण घट्ट निघाली. ४ मेगाबाइटचं कार्ट्रिज पहिल्याच वेळी ओळखलं. म्हणजे या कन्सोलवर कार्ट्रिज फारसं कुणी लावलेलं नाही; तो खेळला गेला तो डिस्कवरच.

१५ फेब्रुवारी

मुळात घ्यायचाच कशाला, हा प्रश्न टाळून चालणार नाही. सॅटर्नमध्ये २८.६ मेगाहर्ट्झचे दोन एसएच-२ प्रोसेसर, चित्रासाठी दोन वेगळ्या चिपा, आवाजासाठी निराळा मोटोरोला प्रोसेसर, सीडीसाठी आणखी एक. ही सगळी मंडळी एकमेकांची वाट बघत काम करतात, त्यामुळे संगणकावर त्याची हुबेहूब नक्कल करणं बरीच वर्षं जमत नव्हतं. आता ते कारण उरलेलं नाही. संगणकावर नक्कल करणारं मेडनाफेन हे सॉफ्टवेअर चांगलं चालतं, आणि एफपीजीएवर (हवं तसं जोडून घेता येणाऱ्या चिपवर) मिस्टर या प्रकल्पाचा सॅटर्नही आहे. फक्त खेळ खेळायचे असतील तर कन्सोल घेऊ नका, असं मी आज कुणालाही मनापासून सांगेन. पैसे आणि जागा दोन्ही वाचतील.

मला यंत्र हवं आहे. झाकण उघडल्यावर डिस्क थांबताना येणारा आवाज, कंट्रोलरची सहा बटणं, आणि त्या काळच्या माणसांनी दोन प्रोसेसरांना एकत्र राबवून काय काढलं ते त्याच तांब्याच्या वायरीतून बघणं. पण मग यंत्र चालतं असायला हवं. कपाटात ठेवलेलं, चालू न होणारं देखणं खोकं हा माझा संग्रह नाही. असा संग्रह करणारे आहेत आणि त्यांच्यासाठी राखाडीच योग्य आहे. हे मला जानेवारीत स्पष्ट नव्हतं.

१६ फेब्रुवारी

राखाडीचा लेझर बदलून घ्यावा का, हे एकदा तपासलं. सॅटर्नमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचे ड्राइव्ह वापरले गेले आणि जोडपट्टीही सारखी नाही, कुठे २० पिनांची तर कुठे २१ पिनांची. फेन्रिरसारखं, ड्राइव्हच्या जागी मेमरी कार्ड वाचणारं उपकरण घ्यायचं तर आधी पिना मोजाव्या लागतात. बाहेरच्या मॉडेल क्रमांकावर विसंबू नये. त्याच कामाचा सॅटिएटर मागच्या व्हिडिओ सीडी कार्डाच्या वेगळ्या खोबणीत बसतो, मूळ ड्राइव्ह जागचा हलवावा लागत नाही. बदल करायचाच तर मला तोच मान्य आहे, कारण उद्या काढून घेतला की यंत्र होतं तसंच.

पण पहिल्या नमुन्याची, खोक्यासकटची किंमत मोजायची आणि वर एवढा खर्च त्यात घालायचा, हे गणित बसत नाही.

२२ फेब्रुवारी

राखाडी परत पाठवला. सोबत सविस्तर चिठ्ठी लिहिली: स्क्रू, पोटेन्शिओमीटर, ग्रीस कुठे लावलं, खोबण उत्तम आहे हे सगळं. पुढच्या घेणाऱ्याला हे सांगा, असंही. गृहस्थांचा फोन आला. त्यांना त्यांच्या थोरल्या भावाकडून कन्सोल मिळाला होता. भावाने तो उघडला असेल हे त्यांनाही माहीत नव्हतं. मला ते खरं वाटतं. त्यांनी किंमत बरीच कमी करायची तयारी दाखवली. मोह झाला, पण नको म्हटलं.

२ मार्च

पांढरा घेतला. त्याचा सलग व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला होता. ‘अझेल’चीच चित्रफीत, शेवटपर्यंत, एकदाही अडखळली नाही. वरचं झाकण बाजूच्या प्लास्टिकपेक्षा किंचित पिवळं आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की ते उजळतं, पण पट्टे उमटू शकतात आणि पिवळेपणा परत येऊ शकतो. मी ते तसंच ठेवणार.

९ मार्च

आल्याबरोबर चाचण्या. भरगच्च सीडीचं शेवटचं गाणं: वाजलं. ‘अझेल’च्या चारही डिस्क: प्रत्येकीवरची चित्रफीत सुरळीत. उघडून पाहिलं, पोटेन्शिओमीटरची खाच कोरी, ग्रीस मात्र इथेही वाळलेलं, ते बदललं. बॅटरीत अजून जीव होता आणि अंतर्गत मेमरीत कुणाचे तरी जुने सेव्ह होते. बॅटरी कन्सोल चालू ठेवूनच बदलली, म्हणजे ते पुसले जात नाहीत. कुणाचे आहेत माहीत नाही, पण पुसायचं मनात आलं नाही.

खोबण सैल आहे. ४ मेगाबाइटचं कार्ट्रिज किंचित वर उचलून धरलं तरच ओळखतो. व्हिडिओत हे तपासायला सांगितलंच नव्हतं. तुम्ही मागणीत घाला. अल्कोहोलने पात्या पुसून थोडा फरक पडला, पुरेसा नाही. आता खोबण काढून नवी डाखायची की पात्या सुईने एकेक करून उचलायच्या, हे पुढचं काम. आधी सुई, कारण ते उलटवता येतं.